सुहासिनीवहिनींची कात्री

विलेपार्ल्यात ब्लाउज शिवणाऱ्या बायका गल्लीगणिक सापडतील, पण हात वर केला तरी काखेत न ओढणारा ब्लाउज शिवतात त्या फक्त सुहासिनीवहिनी. हे मी वीस वर्षांच्या अनुभवाने सांगते. आणि याच बाई दसरा झाला की मशीनवर चादर टाकतात, ती थेट तुळशीचं लग्न लागेपर्यंत काढत नाहीत. सगळ्या मुंबईला ब्लाउज हवा असतो नेमक्या त्याच दिवसांत. पहिल्या वर्षी मी भाऊबीजेसाठी कापड घेऊन गेले तर मला दारातूनच परत पाठवलं.

"आता तुळशीच्या लग्नानंतर या."

"भाऊबीज काय तुळशीच्या लग्नानंतर येते?" मी म्हटलं.

"तुमचा भाऊ तुम्हाला जुन्या ब्लाउजमध्येही ओळखेल," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

जिना उतरता उतरता मी दुसरी शिवणारी शोधायचं ठरवलं. शोधलीही. तिने शिवलेला ब्लाउज अजून माझ्या कपाटात आहे. घालताच येत नाही, त्यामुळे नवाकोरा आहे. पुढच्या वर्षी मी नाक मुठीत धरून सुहासिनीवहिनींकडे गेले, आणि गणपतीच्या आधीच गेले.

बाई अंगाने लहानखुऱ्या, गळ्यात कायम टेप, तोंडात टाचण्या. टाचण्या तोंडात धरूनही त्या स्पष्ट बोलतात, आणि बोलणं टाचण्यांसारखंच असतं. "मॅडम, पोट आत ओढून माप देऊ नका, ब्लाउजला खरं कळतं." मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते म्हणून मी 'मॅडम'. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत मशीन, आतल्या खोलीत बाकी सगळा संसार. यजमान राजाराम लवकर गेले. घरात त्या आणि मुलगा केयूर. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तो पहिलीत होता, माझ्या पिशवीत खाऊ आहे का ते उघड उघड शोधायचा. त्याच्या वरच्या ओठावर डाव्या बाजूने नाकापर्यंत एक बारीक पांढरी रेघ होती. ओठ जन्मतः फाटलेला होता, तिसऱ्या महिन्यात ऑपरेशन करून शिवलेला. काम इतकं सुबक की पाहणारा थोड्याच वेळात ती रेघ विसरून जाई. पण सुहासिनीवहिनी त्याच्याकडे बघायच्या तेव्हा त्यांची नजर आधी त्या रेघेवर जायची आणि मग डोळ्यांवर. तो शाळेतून आला तरी तसंच, जेवायला बसला तरी तसंच.

दिवाळीत मशीन का बंद असते, हे मला ओळख झाल्यावर चार वर्षांनी कळलं. एकदा बाहीचं माप घेता घेता त्यांनीच सांगितलं.

पंच्याण्णव सालची दिवाळी. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण होतं. वहिनींना सहावा महिना सरत आलेला. पोटुशी बाईने ग्रहणात काही चिरू नये, कापू नये, शिवू नये, नाहीतर ते बाळाच्या अंगावर उमटतं, हे त्यांना आईने सांगितलेलं आणि सासूने, द्रौपदीबाईंनी, आदल्या रात्रीही बजावलेलं. पण शेजारच्या गंधालीची लग्नानंतरची पहिली भाऊबीज होती आणि तिच्या ब्लाउजची एक बाही कापायची राहिली होती. सगळे टीव्हीवर ग्रहण बघत बसले होते. वहिनींनी स्वयंपाकघराचं दार लोटलं, लग्नात माहेरून आणलेली मोठी कात्री घेतली आणि बाही कापली.

"दोन मिनिटं लागली असतील," त्या म्हणाल्या.

संक्रांतीनंतर पाचव्या दिवशी केयूर झाला. द्रौपदीबाईंना त्या बाहीचं तेव्हाच कळलं होतं. त्यांनी नातवाचं तोंड बघितलं आणि सुनेला एक अक्षर बोलल्या नाहीत. घरी जाऊन ती कात्री जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळली आणि माळ्यावर ठेवून दिली. "शिव्या घातल्या असत्या तर मी भांडले असते," वहिनी म्हणाल्या. "त्या बोलल्याच नाहीत हो. कात्री तेवढी वर ठेवली." सासूबाई गेल्या, पण कात्री तिथेच राहिली. वहिनींनी दुसरी घेतली. दिवाळीत मात्र कापडाला हात लावला नाही.

मी ऐकलं आणि जे करायला नको तेच केलं. माझा विषयच मुळी गर्भाची घडण. मी तडातडा बोलले. ही शुद्ध अंधश्रद्धा आहे, ग्रहण म्हणजे नुसती सावली, शिकलेल्या पार्ल्यात राहून असं कसं बोलता, वगैरे. वहिनींनी माझा हात खाली केला, टेप गुंडाळला, म्हणाल्या, "झालं माप." तो ब्लाउज त्यांनी असा शिवून दिला की मला पाच तास पुरता श्वास घेता आला नाही. मापात चूक झाली असं त्या आजही म्हणतात.

त्यानंतर या विषयावर आम्ही बरीच वर्षं बोललो नाही.

मधल्या काळात एक गोष्ट घडली. माझ्या विद्यार्थ्यांना आतड्याची घडण दाखवायला एक नमुना करायचा होता. कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भात आतडं आधी सरळ नळीसारखं असतं. त्याच्या मागे एक पातळ पडदा असतो, तो त्याला धरून ठेवतो. नळी भराभर वाढते, पडदा सावकाश. पडदा ताणला जातो, नळीला मागे खेचतो आणि नळीला वेटोळी पडतात. आम्ही रबराच्या पातळ तावावर रबरी नळी चिकटवून बघितली, पण ती ढिम्म सरळच राहिली. तो ताव पिशवीत घालून मी घरी निघाले होते, वाटेत ब्लाउज घ्यायला वहिनींकडे थांबले. त्यांनी पिशवीत डोकावून विचारलं, हे काय. मी सांगितलं.

"अहो, हे तर फ्रॉकच्या कमरेचं इलॅस्टिक! ताणून धरायचं, ताणलेलं असतानाच शिवायचं, मग सोडायचं. चुण्या आपोआप पडतात. तुम्ही न ताणता चिकटवलंत, मग कशा पडणार?"

दुसऱ्या दिवशी त्या प्रयोगशाळेत आल्या. मशीनने रबर फाटेल म्हणाल्या. चार मुलांना ताव चारही बाजूंनी ताणून धरायला लावला आणि रेशमी दोऱ्याने, बारीक टाके घालत, नळी हाताने शिवली. दीड तास लागला. पोरांचे हात भरून आले, पण सैल सोडायची कुणाची छाती झाली नाही. मग त्या म्हणाल्या, "सोडा." ताव आखडला आणि नळीने एकामागून एक वेटोळी घेतली, अगदी एकसारखी. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"किती वेटोळी पडायची हे कोण ठरवतं?" वहिनींनी विचारलं.

"कोणीच नाही. नळी किती जाड, पडदा किती ताठ आणि दोघांच्या वाढीत किती फरक, एवढ्यावरच ठरतं."

"म्हणजे देव एकेक चुणी मोजत बसत नाही."

"नाही."

"बरं आहे. त्यालाही उसंत हवीच की."

तेव्हापासून त्या अधूनमधून प्रयोगशाळेत येत. अंडं हातात धरलं तरी विटाळ मानणाऱ्या घरातल्या, पण कवचाला पाडलेल्या खिडकीतून तिसऱ्या दिवसाचं धडधडणारं हृदय बघताना त्यांचा श्वास थांबलेला मी पाहिला आहे. पेशी कशा एकमेकींना ढकलतात, खेचतात, सपाट पदराला घडी पडून त्याचा पाठीतला मज्जारज्जू कसा होतो, हे त्या मुलांपेक्षा लवकर समजून घेत. घडी, ताण, सैल, तिरपा काप हे सगळं त्यांच्या बोटांना आधीच ठाऊक होतं. ओठाबद्दल मात्र त्यांनी कधी विचारलं नाही, आणि मी एकदा तोंड पोळून घेतलेलं असल्यामुळे सांगितलं नाही. आता वाटतं, किती मूर्ख होते मी. सगळं सांगितलं आणि तेवढंच ठेवलं.

केयूर मोठा झाला, नोकरीला लागला. कॉलेजात असतानाच त्याने भरघोस मिशी ठेवली. ओठावरची खूण झाकायला ठेवली असणार हे उघड होतं, त्यामुळे कुणी काही बोललं नाही. एकवीस साली त्याने कल्पिताशी लग्न केलं. ती वर्सोव्याची, बँकेत नोकरीला, हसरी आणि सासूइतकीच फटकळ. दोघींचं झकास जमलं. बावीस सालच्या जूनमध्ये कल्पिताला दिवस गेले आणि वहिनींनी पंचांग उघडलं.

दिवाळीत ग्रहण होतं. पुन्हा सूर्यग्रहण, पुन्हा लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी. सत्तावीस वर्षांनी बरोबर तेच.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात कल्पिता माझ्याकडे आली. तिची सोनोग्राफी झाली होती, सगळं व्यवस्थित होतं, ओठसुद्धा. "पण मम्मींची वाट लागलीय हो," ती म्हणाली. "घरातल्या सुऱ्या, विळी, नेलकटर, सगळं कुलपात ठेवलंय. ग्रहणाला अजून पंधरा दिवस आहेत! केयूर समजावतो तर रडतात. जेवत नाहीत नीट. तुम्ही बोला ना."

मी वहिनींना प्रयोगशाळेत बोलावलं. आल्या त्या वाळलेल्या दिसत होत्या. मी म्हटलं, "सोनोग्राफीत ओठ चांगला दिसलाय ना?"

"ती दसऱ्याला झाली. ग्रहण पुढे आहे."

रागावून काही उपयोग नाही हे मला एका ब्लाउजने शिकवलेलं होतं. म्हणून मी फक्त ओठ कसा होतो ते सांगायला लागले. नाकाच्या बाजूने एक तुकडा खाली येतो, दोन्ही गालांकडून दोन येतात. प्रत्येकाच्या आत पेशी वाढतात, फुगवटे पुढे सरकतात, कडा एकमेकींना टेकतात. टेकल्या की मधली कातडी विरून जाते आणि आतलं मांस एक होतं.

"धागा नाही?"

"धागा नाही. नाकाखाली बोट लावा. त्या दोन उभ्या उंचवट्यांशी जोड झालेला असतो. तुमचा, माझा, सगळ्यांचा."

त्यांनी बोट लावलं. "आणि एखादा तुकडा मागे राहिला तर?"

"चेहरा थांबत नाही त्याच्यासाठी. तो रुंदावत जातो, कडा लांब खेचल्या जातात. मग पोचत नाहीत."

"हे कधी होतं?"

"दिवस राहिल्यापासून सहाव्या-सातव्या आठवड्यात."

वहिनींनी गळ्यातला टेप काढला आणि टेबलावर पसरला. एक इंच म्हणजे एक आठवडा. शून्यावर दिवस राहिले, अडतीसवर केयूरचा जन्म. तिथून मागे बोट सरकवत त्या पुटपुटत गेल्या, संक्रांत, मार्गशीर्ष, कार्तिक, दिवाळी. सव्विसावर बोट थांबलं. दुसऱ्या हाताचं बोट त्यांनी सातवर ठेवलं. मध्ये एकोणीस इंच टेप होता. त्या बघत राहिल्या.

"सात म्हणजे कुठला महिना?" त्यांनी विचारलं.

"जूनचा मध्य."

"वटपौर्णिमा," त्या म्हणाल्या. "मी वडाला दोरा गुंडाळत होते आणि मला मळमळत होतं." मग मान हलवली. "पण मॅडम, जोडलेलं कापडसुद्धा नंतर कापता येतं. जूनमध्ये जुळला असेल, दिवाळीत मी कापला असेल."

 मी पुन्हा टेपकडे बघितलं. त्यांची बोटं तिथेच होती. आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. ठिगळ जुळत नसताना अचानक उलटी बाजू लक्षात आली की बाई जशा दिसतात, तशा दिसल्या.

"त्याला काठ होता," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"त्याच्या ओठाला. फाटलेल्या कडेला. जन्मला तेव्हा मी किती वेळ बघितलंय. लाल रेघ ओठावरून वळून वर नाकापर्यंत गेली होती, दोन्हीकडून. मऊ, गोल, पुरी झालेली. मॅडम, कापलेल्याला काठ नसतो. कापलं की धागे सुटतात, दशा निघतात, जखम दिसते. तो मागावरच सुटा विणला गेलेला होता. कात्री तिथे गेलेलीच नाही." त्यांचा आवाज चढला. "सत्तावीस वर्षं मी कापडात घालवली. मला काठ कळला नाही?"

मी त्यांचा हात धरला. पस्तीस वर्षं मी हा विषय शिकवते आहे, आणि ही गोष्ट मला कधी सुचली नव्हती.

आता सुटल्या असं मला वाटलं, पण थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मग वटपौर्णिमेला काय चुकलं माझं?"

"काही नाही."

"असं कसं काहीच नाही?"

"वहिनी, नेमकं कशामुळे होतं ते बहुतेक वेळा आम्हालाही सांगता येत नाही. माझी शंभर अंडी एकाच पेटीत, एकाच उबेत असतात. त्यातली दोन-चार वेगळी निघतात. कोंबडीने काही केलेलं नसतं."

"कोंबडीला विचारलंत?" त्या म्हणाल्या. हसल्या, आणि हसता हसताच त्यांना रडू फुटलं. मी रडू दिलं. प्रयोगशाळेत मुलं आली होती, त्यांना मी डोळ्यांनीच बाहेर घालवलं.

मग दोन आठवडे त्यांचा फोन नाही. मीही केला नाही. ग्रहणाच्या दिवशी दुपारी चारला फोन वाजला.

"मॅडम, भाऊबीजेचं कापड आहे का घरात?"

"आहे."

"घेऊन या. आत्ता."

मी पोचले तेव्हा ग्रहण लागायला थोडा वेळ होता. कल्पिता आतल्या खोलीत पलंगावर पाय पसरून बसली होती. विळी-सुऱ्या अजून कुलपातच होत्या. "तिला काही कापू देणार नाही हं मी," वहिनी मला आल्या आल्या म्हणाल्या. "तेवढं माझं राहू द्या. मला कळलंय, पण हाताला अजून कळलेलं नाही." मशीनवरची चादर मात्र काढलेली होती. आणि टेबलावर, जुन्या लुगड्याच्या फडक्यावर, ती मोठी कात्री होती. धारवाल्याकडून धार लावून आणलेली.

पाच वाजायच्या सुमाराला बाहेरचा उजेड मळका व्हायला लागला. वहिनींनी माझं कापड पसरलं, खडूने आखलं, कात्री उचलली. आणि थांबल्या. कात्रीचं टोक दोनदा खडूच्या रेघेवरून सरकलं. कल्पिता उठून दारात येऊन उभी राहिली.  मग कात्रीचा तो कचकच आवाज आला, सावकाश, बाहीच्या गोलाईवरून.

तेवढ्यात किल्लीने दार उघडून केयूर आत आला, ऑफिसची बॅग खांद्याला. कात्री बघून तो जागच्या जागी थबकला.

"आई, काय करतेयस? ग्रहण आहे ना?"

"असू दे." त्यांनी काप पुरा केला आणि मगच मान वर केली. "केयूर, तुझा ओठ मी नाही कापला रे."

"अगं, हे मी तुला दहावीत असल्यापासून सांगतोय! पुस्तक दाखवलं होतं तुला."

"तू म्हणालास, आई, तुझी चूक नाही. ते सगळेच म्हणतात. डॉक्टर म्हणाले, या मॅडम म्हणाल्या. मला वाटायचं, माझ्यावर माया आहे म्हणून म्हणतात." त्यांनी कात्री फडक्यावर ठेवली. "मायेने काही होत नाही रे. माप लागतं."

केयूरने बॅग खाली ठेवली, आईजवळ गेला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. वहिनींनी वर बघितलं. आणि मी पाहिलं, या खेपेला नजर सरळ त्याच्या डोळ्यांकडे गेली.

भाऊबीजेला सकाळी मी ब्लाउज घ्यायला गेले. डावी बाही उजवीपेक्षा अर्ध्या बोटाने आखूड होती. मी घालून बघितला, वहिनींनीही बघितलं, आणि त्या "आणा, उसवून देते" म्हणाल्या. मी दिला नाही. एवढ्यात आतून केयूर चहा घेऊन आला आणि मी त्याला ओळखलंच नाही. मिशी काढलेली होती. गुळगुळीत ओठावर ती पांढरी रेघ स्पष्ट दिसत होती.

"अरे, हे काय?" मी म्हटलं. "इतकी वर्षं झाकलीस आणि आता?"

"मी कुठे झाकली?" तो म्हणाला. "मला तर कधी लाजबिज नव्हती वाटली. शाळेत पोरं चिडवायची, मी पण चिडवायचो."

"मग मिशी कशाला ठेवली होतीस?"

त्याने कप माझ्या हातात दिला. आत वहिनी कल्पिताला काहीतरी सांगत हसत होत्या. तो आवाज खाली आणून म्हणाला, "आईला दिसू नये म्हणून."